रॅनखचं स्टेशन घरातल्या भिंतीला: स्कॉटिश रेल्वेचा छोटा लेआउट कोणत्या क्रमाने बांधावा

मॉडेल रेल्वेच्या अर्धवट राहिलेल्या बहुतेक लेआउटांचं दुखणं एकच असतं: क्रम उलटा झालेला असतो. आधी इंजिन येतं, मग रूळ, मग प्लायवुड. शेवटी प्रश्न पडतो की हे स्टेशन नक्की कुठलं आणि साल कुठलं. तोवर निळ्या कॅलेडोनियन इंजिनामागे ब्रिटिश रेल्वेचे निळे-करडे डबे जोडलेले असतात. वायरिंग अपुरं असताना खडी चिकटवून झालेली असते, आणि ती उकरायचा धीर कोणालाच राहत नाही.

खाली सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. वेस्ट हायलँड मार्गावरच्या रॅनखच्या धर्तीचं, एकेरी मार्गावर गाड्यांची क्रॉसिंग होणारं छोटं स्टेशन. प्रमाण एन (१:१४८), एकूण लांबी २८० सेंमी, रुंदी ४० सेंमी, चार सुटे पाट. तुमचं स्टेशन स्कॉटलंडमधलं दुसरं कुठलं असलं तरी पायऱ्या याच.

टप्पा १: जागा आणि साल ठरवा

या टप्प्यात एक पैसाही खर्च करायचा नाही. वहीत दोन ओळी लिहायच्या: स्टेशनाचं नाव, आणि महिन्यासह साल. "स्कॉटलंड, वाफेचा काळ" असं लिहून काम भागत नाही.

आधी कंपनी पक्की करा. १९२३ पूर्वी स्कॉटलंडमध्ये पाच मोठ्या कंपन्या होत्या: कॅलेडोनियन, नॉर्थ ब्रिटिश, ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न, हायलँड, आणि ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड. १९२३ च्या एकत्रीकरणात कॅलेडोनियन, ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न आणि हायलँड या तीन एलएमएसमध्ये (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे) गेल्या, उरलेल्या दोन एलएनईआरमध्ये (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे). १ जानेवारी १९४८ ला सगळ्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ब्रिटिश रेल्वेचा स्कॉटिश विभाग सुरू झाला.

इथे तीन चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली चूक नावाची. वेस्ट हायलँड मार्गाचा हायलँड रेल्वेशी संबंध नाही. हा मार्ग नॉर्थ ब्रिटिश रेल्वेने चालवला आणि १९२३ मध्ये तो एलएनईआरकडे गेला. हायलँड रेल्वे म्हणजे पर्थच्या उत्तरेला इन्व्हर्नेस आणि तिथून पुढचा प्रदेश. माझ्या एका मित्राने हायलँडचं हिरवं इंजिन मोठ्या हौसेने मागवलं आणि रॅनखच्या फलाटाला उभं केलं. इंजिन देखणं होतं, पण ते शेजारच्या घरातलं होतं. ओबानचा मार्ग तर कॅलेडोनियनचा. आज ओबानच्या गाड्या क्रिअनलॅरिखपर्यंत वेस्ट हायलँडवरूनच जातात, म्हणून गोंधळ वाढतो. १९६५ पर्यंत त्या कॅलंडरकडून यायच्या.

दुसरी चूक आपल्याकडे जास्त होते. भारतात धावलेल्या कित्येक वाफेच्या इंजिनांवर ग्लासगोच्या "नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी"ची पाटी आहे. ती कंपनी वेगळी आणि नॉर्थ ब्रिटिश रेल्वे वेगळी. पहिली १९०३ मध्ये तीन कारखाने एकत्र येऊन झालेली, इंजिनं बांधून जगभर विकणारी. दुसरी गाड्या चालवणारी, ग्लासगोत काउलेअर्सला स्वतःचा कारखाना असलेली. माहिती शोधताना दोन्हींची पानं मिसळली की रंगापासून आकड्यांपर्यंत सगळं चुकत जातं.

तिसरी चूक सालाची, आणि तीच सगळ्यांत महागात पडते. रॅनखचंच बघा. १९८४ चा हिवाळा धरला, तर डिझेल क्लास ३७ इंजिनाला डब्यांत विजेची ऊब पुरवता येत नव्हती. म्हणून लंडनहून येणाऱ्या मार्क ३ स्लीपर गाडीत इंजिनामागे "एथेल" लागायची. एथेल म्हणजे वीज पुरवण्यासाठी बदल केलेलं जुनं क्लास २५ इंजिन. साल १९८७ धरलं, तर क्लास ३७/४ आलेली असतात आणि एथेलची गरज उरत नाही. १९८९ धरलं, तर लोखंडी हातांचे सिग्नल गेलेले, टोकनचा, म्हणजे एकेरी मार्गावर शिरण्याच्या परवान्याचा, कारभार रेडिओवर आलेला, आणि प्रवासी गाड्यांवर क्लास १५६ स्प्रिंटर. पाच वर्षांत गाडी, सिग्नल, सगळा नजारा बदलला.

वाफ हवी असेल तर १९५० च्या दशकाचा मध्य घ्या. के१, के२, ब्लॅक फाइव्ह ही इंजिनं आणि किरमिजी-क्रीम डबे तेव्हाचे.

*तपासा:* वहीतलं साल वाचून पाच गोष्टींची उत्तरं येतात का? इंजिनाचा वर्ग, इंजिनावरचं बोधचिन्ह, डब्यांचा रंग, सिग्नलचा प्रकार, स्टेशनाच्या पाटीचा रंग. एकाचंही येत नसेल तर पुढे जाऊ नका.

*इशारा:* ग्लेनफिननचा पूल सगळ्यांना हवा असतो. आधी गणित करा. त्याची लांबी सुमारे ३८० मीटर, कमानी २१, उंची ३० मीटर, वळणाची त्रिज्या १२ चेन म्हणजे सुमारे २४१ मीटर. एन प्रमाणात लांबी २५७ सेंमी, उंची २० सेंमी, त्रिज्या १६३ सेंमी. ओओ (१:७६.२) प्रमाणात नुसता पूलच पाच मीटर. पहिल्या लेआउटला हा विषय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टप्पा २: नकाशे आणि फोटो जमवा

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे मोफत पाहता येतील असे ऑनलाइन ठेवले आहेत. पुण्या-मुंबईत बसून काम करणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. तिथे दोन प्रकारचे नकाशे उपयोगी पडतात: मैलाला २५ इंच, म्हणजे १:२५००, आणि मैलाला ६ इंच, म्हणजे १:१०,५६०.

पंचवीस इंची नकाशावरचा १ सेंमी एन प्रमाणात सुमारे १७ सेंमी होतो. सहा इंचीवरचा १ सेंमी तब्बल ७१ सेंमी. म्हणजे सहा इंचीवर पेन्सिलची रेघ अर्ध्या मिलिमीटरने सरकली, तर तुमच्या पाटावर फलाट साडेतीन सेंटिमीटर सरकतो. साहजिकच पंचवीस इंची हवा. पण ओसाड माळ आणि डोंगर यांचे पंचवीस इंची नकाशे सहसा काढलेच जात नसत, ते लागवडीखालच्या भागांसाठी असत. त्यामुळे गावातलं स्टेशन असेल तर पंचवीस इंची मिळेल, मोरावरच्या (मोर म्हणजे स्कॉटलंडमधला ओसाड, पाणथळ माळ) स्टेशनाला सहा इंचीवर भागवावं लागेल आणि मापं फोटोंवरून ताडून घ्यावी लागतील.

नकाशाच्या कडेला सर्वेक्षणाचं साल छापलेलं असतं, ते आधी वाचा. वेस्ट हायलँड फोर्ट विल्यमपर्यंत ७ ऑगस्ट १८९४ ला आणि मॅलेगपर्यंत १ एप्रिल १९०१ ला सुरू झाली. त्याआधीच्या सर्वेक्षणात रूळच नसणार.

फोटोंवरून माप काढायला ओळखीची वस्तू धरा. मार्क १ डब्याची लांबी बफरसह साधारण २० मीटर, म्हणजे एनमध्ये साडेतेरा सेंटिमीटर. फलाटाला लागलेली चार डब्यांची गाडी फोटोत असेल, तर फलाट तिच्यापेक्षा किती लांब आहे हे थेट मोजता येतं.

एवढ्यावर न भागल्यास नॉर्थ ब्रिटिश रेल्वे स्टडी ग्रुप, कॅलेडोनियन रेल्वे असोसिएशन, हायलँड रेल्वे सोसायटी अशा अभ्यासमंडळांकडे वळा. एडिनबराला नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये रेल्वेचे मूळ आराखडेही आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी बोनेसचं रेल्वे संग्रहालय पाहावंच. डब्याखालचे पाइप, पायऱ्या, गंजाचा रंग फोटोत कधीच नीट कळत नाही.

*इशारा:* आजचे पर्यटकांचे फोटो १९८५ च्या स्टेशनासाठी पुरावा धरू नका. रंग, पाट्या, दिवे, कुंपण सगळं बदललेलं असतं.

टप्पा ३: प्रमाण आणि लांबीचं गणित

ओओ म्हणजे १:७६.२, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. ब्रिटिश एन म्हणजे १:१४८, अंतर ९ मिमी. ओओमध्ये रूळ खऱ्यापेक्षा अरुंद दिसतात, कारण त्या प्रमाणात खरं अंतर १८.८३ मिमी यायला हवं. ते खुपणारे लोक पी४ कडे, म्हणजे खरं अंतर पाळणाऱ्या पद्धतीकडे, वळतात. पहिल्या लेआउटला त्यात पडू नये.

आता गणित. क्लास ३७ ची लांबी १८.७५ मीटर, एनमध्ये १२.७ सेंमी. चार डबे ५४ सेंमी. गाडी झाली ६७ सेंमी. लूपमध्ये, म्हणजे क्रॉसिंगसाठी फुटून पुन्हा मिळणाऱ्या मार्गावर, ती मोकळी उभी राहायला ७५ सेंमी धरा. दोन्ही टोकांचे सांधे (पॉइंट, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ) आणि मधल्या फलाटाला वळसा घालणारी वळणं मिळून प्रत्येक बाजूला साधारण ३२ सेंमी. दिसणारं स्टेशन झालं सुमारे १४० सेंमी. दोन्ही टोकांना गाडी लपवून ठेवायची फिडल यार्ड, प्रत्येकी ७० सेंमी. एकूण २८०. हेच ओओमध्ये करायला गेलं तर साडेपाच मीटर लागतात, आणि तेवढी सरळ भिंत फ्लॅटमध्ये क्वचितच सापडते.

जागा त्याहून कमी असेल तर डबे कमी करा. तीन डब्यांची गाडी या मार्गावर खोटी वाटत नाही. वळणं आवळून जागा वाचवू नका. एनमध्ये दिसणाऱ्या भागात ३० सेंमीपेक्षा कमी त्रिज्या, ओओमध्ये ६० पेक्षा कमी, म्हणजे लांब डबे वळणावर बाहेर लोंबतात.

टप्पा ४: कागदावर पूर्ण मापाचा आराखडा

संगणकावरचा आराखडा पुरत नाही. पेको कंपनी आपल्या सांध्यांचे पूर्ण मापाचे कागदी नमुने मोफत देते. ते छापा आणि छपाई करताना "पानाला बसवा" हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर नमुना तीन-चार टक्क्यांनी आखडतो. नंतर जुन्या वर्तमानपत्रांची २८० सेंमीची पट्टी जोडून त्यावर चिकटवा. फलाटाचा पुठ्ठा कापून ठेवा, डब्याच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या त्यावरून फिरवा.

ही पट्टी आठवडाभर भिंतीशी टेबलावर राहू द्या. येता-जाता डोळा पडतो आणि चूक आपोआप दिसते. वेस्ट हायलँडवरच्या १८९४ च्या स्टेशनांत फलाट मधोमध बेटासारखा आणि दोन्ही बाजूंनी रूळ, ही खूण आहे. रूळ फलाटाकडे येताना हळूच फाकतात आणि पुढे हळूच जुळतात. ती फाक सरळ कोनात झाली की स्टेशन खेळण्यातलं दिसतं.

*तपासा:* एकही सांधा दोन पाटांच्या जोडावर येत नाही ना? कुठल्याही सांध्याखाली लाकडी आडवी पट्टी येत नाही ना? सांध्याची मोटर किंवा सळई तिथूनच खाली जाणार आहे.

टप्पा ५: पाट

सुताराला "टेबल" सांगू नका, तो जड टेबल बनवून देईल. ७० × ४० सेंमीचे चार पाट सांगा: वर ९ मिमी प्लाय, खाली कडेने ७५ मिमी उंचीच्या प्लायच्याच पट्ट्या, मध्ये एक आडवी. साधं कमर्शियल प्लाय नको. पाणी सोसणारं, बीडब्ल्यूआर किंवा मरीन दर्जाचं घ्या. चारही कोपरे गुण्याने तपासून घ्या आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तरच पाट काटकोनात आहे.

पाट आले की वरून, खालून आणि कापलेल्या कडांना सीलर किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या. हे काम सगळे टाळतात. माझ्या पहिल्या पाटाला मी फक्त वरून रंग दिला होता. श्रावणात त्याने खालून ओल धरली, मधोमध फुगवटा आला आणि पाटांच्या जोडावर रूळ दीड मिलिमीटर वर उचलले गेले. एनमध्ये दीड मिलिमीटर म्हणजे प्रत्येक गाडी तिथे उतरणार.

शक्य असेल तर पाट बांधण्याचं आणि रूळ टाकण्याचं काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करा. पावसाळा इमारती बनवायला ठेवा.

दोन पाट जोडताना नुसत्या बोल्टवर विसंबू नका. बोल्ट आवळतो, पण जागा धरत नाही. पितळी खुंट्या आणि त्यांच्या वाट्या बसवा, बोल्ट फक्त ओढून धरायला.

*तपासा:* चारही पाट जोडा, सोडा, पुन्हा जोडा. असं पाच वेळा करा. जोडावरून नखाची कड फिरवा. नख अडलं तर आत्ताच खुंटी दुरुस्त करा.

टप्पा ६: रूळ

आराखड्याचा कागद पाटावर ठेवून मध्यरेषा टोचून घ्या. २ मिमीचा कॉर्क फेव्हिकॉलने चिकटवा, वर वजन ठेवून रात्रभर सुकू द्या.

रूळ टाकण्याचा क्रम असा: आधी सगळे सांधे जागेवर ठेवा, मग त्यांना जोडणारे लवचिक रूळ कापा. उलटं केलं की शेवटचा सांधा दोन मिलिमीटरने बसत नाही आणि आपण तो रेटून बसवतो. तिथेच पुढे गाड्या उतरतात.

कापलेल्या प्रत्येक टोकाला बारीक कानस मारा, वरून आणि आतल्या बाजूने. फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणारी पट्टी) घालताना रूळ तिच्या वर न चढता आत गेला आहे हे बोटाने चाचपून पाहा. डोळ्याला फसवणारी ही जागा बोटाला लगेच कळते.

एप्रिल-मेच्या उन्हाचा विचार करून प्रत्येक जोडात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा. वळणावरचे जोड मात्र झाळून सरळ एकसंध करा आणि मगच वाकवा, नाहीतर तिथे कोन पडतो.

पाटांच्या जोडावर रूळ तसेच सोडू नका. कॉपर क्लॅड बोर्डाच्या पट्ट्या स्लीपरच्या मापाने कापा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात हा बोर्ड मिळतो. पट्टीच्या मध्ये तांब्यावर आडवी चीर पाडा, म्हणजे दोन रूळ एकमेकांना जोडले जाणार नाहीत. जोडाच्या दोन्ही बाजूंना अशी पट्टी स्क्रूने बसवा, रूळ सलग वरून न्या, पट्ट्यांना झाळा, आणि अगदी शेवटी पातळ करवतीने बरोबर जोडावर कापा. आधी कापून मग जुळवायला गेलात तर कधीच जुळत नाही.

टप्पा ७: वायरिंग

फिशप्लेटमधून वीज जाते हे खरं, पण वर्षभरच. नंतर ऑक्साइड धरतो आणि गाडी मध्येच थांबते. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार. पाटाखालून १.५ चौ. मिमीच्या दोन जाड तारा, लाल आणि काळी, आणि रुळापासून तिथपर्यंत बारीक तारा. मागचा रूळ लाल, पुढचा काळा, असं ठरवा आणि भिंतीवर लिहून चिकटवा.

झाळण्याची रीत नीट पाहा, कारण इथेच स्लीपर वितळतात. रूळ टाकण्याआधी तुकडा उलटा धरा. दोन स्लीपरांमधलं प्लॅस्टिक कापा, म्हणजे रुळाचा तळ सेंटिमीटरभर उघडा पडेल. तिथे कानस मारा, धातू पिवळसर चमकेल. २५ वॅटचं आयर्न पूर्ण तापू द्या, टोक ओल्या स्पंजवर पुसा, त्यावर थेंबभर शिसं घ्या आणि रुळाच्या तळाला टेकवा. शिसं पाण्यासारखं पसरलं की लगेच उचला. गोळा होऊन राहिलं तर धातू स्वच्छ नव्हता, पुन्हा कानस. आता तारेच्या टोकालाही असंच शिसं लावा. शेवटी शिसं लावलेली तार शिसं लावलेल्या तळावर ठेवून आयर्न टेकवा. दोन सेकंद. त्याहून जास्त लागलं तर थांबा, गार होऊ द्या, पुन्हा करा. शेजारच्या स्लीपरांवर ओला कापूस ठेवला तर वितळण्याचा धोका जवळजवळ संपतो.

*इशारा:* नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स वापरू नका. भांड्यांना ते ठीक, बारीक तारांना सहा महिन्यांत हिरवं करून तोडतात. रोझिन असलेली इलेक्ट्रॉनिक्सची सोल्डरची तारच घ्या. खिडकी उघडी ठेवा, काम झालं की हात साबणाने धुवा.

सांध्यांकडे वेगळं लक्ष द्या. पेकोचे इलेक्ट्रोफ्रॉग सांधे घेतले असतील, तर सांध्याच्या मधला धातूचा व्ही सांधा बदलेल तशी बाजू बदलतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या दोन आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे फिशप्लेट हवेत. ते विसरलं की लूपच्या दोन टोकांचे सांधे वेगवेगळ्या बाजूला वळताच शॉर्ट होतो. मला दर महिन्याला कोणी ना कोणी "कंट्रोलर बिघडला" म्हणून विचारतं, आणि दहापैकी आठ वेळा हे दोन प्लॅस्टिकचे तुकडेच राहिलेले असतात.

साध्या १२ व्होल्ट डीसीवर चालवणार असाल, तर लूपच्या दोन्ही मार्गांना एकेक बंद-चालू स्विच द्या. एक गाडी उभी ठेवून दुसरी आत घ्यायची, हाच तर या स्टेशनाचा खेळ आहे.

*तपासा:* प्रत्येक तार जोडली की लगेच मल्टिमीटरने दोन रुळांमध्ये शॉर्ट नाही ना हे पाहा. वीस तारा जोडून मग शोधायला बसू नका.

टप्पा ८: पंधरा दिवस नुसत्या गाड्या चालवा

आता एक इंजिन आणि तीन-चार डबे घ्या, वहीतल्या सालाला धरून. रूळ उघडे, पाट नागडा, तरी फक्त चालवा.

आधी सर्वांत लांब डबा हाताने ढकला, पुढे आणि मागे. मग इंजिनाने अख्खी गाडी उलटी ढकला, सांध्यांवरून, शक्य तितक्या हळू. ओढताना लपणारे दोष ढकलताना बाहेर येतात. जिथे डबा उडाला तिथे पाटावर खडूने फुली आणि तारीख लिहा. एकाच जागी तीन फुल्या झाल्या तर दोष रुळात आहे. एकच डबा सगळीकडे उतरत असेल तर त्याची चाकं पाहा.

पंधरा दिवसांत नवी फुली न पडलेले निदान तीन दिवस मिळाले, तरच पुढे.

टप्पा ९: रुळांचा रंग, मग खडी

रुळांच्या बाजूंना गंजाचा तपकिरी रंग द्या आणि माथ्यावर लागलेला रंग ओला असतानाच पुसा. सांध्याच्या हलत्या पात्यांना रंग लावू नका.

खडी कोरडी पसरा, मऊ ब्रशने स्लीपरांच्या माथ्यावरून झाडून आत ढकला. हवी तशी बसली की आधी पाण्याचा फवारा मारा, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. मग अर्धा फेव्हिकॉल, अर्धं पाणी, ड्रॉपरने. आधी पाणी न मारता फेव्हिकॉल टाकलात, तर खडीचे गोळे होतात आणि मधे खड्डे पडतात.

*इशारा:* सांध्याची हलणारी पट्टी जिथे आहे तिथे खडी चिमटीने, दाणा दाणा, आणि गोंद टूथपिकच्या टोकाने. माझा एक सांधा असाच गोठला. तो काढताना शेजारचा अर्धा फूट रूळ गेला. ओला गोंद असताना दर दहा मिनिटांनी सांधा हलवत राहा.

टप्पा १०: मोर, फलाट, सिग्नल

रॅनख मोर हिरवा नाही. दुकानातली हिरवीगार गवताची चटई आणि त्यावर जांभळं हेदर, ही या विषयातली सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. हेदर उन्हाळ्याच्या शेवटी थोडे आठवडे फुलतं. उरलेलं वर्ष ते काळपट तपकिरी. गवत पेंढ्याच्या रंगाचं, खाली पीटची काळी ओली माती, मधे पाण्याची डबकी आणि करडे गोटे. आपल्याकडे मार्गशीर्षात मावळातल्या माळावर वाळलेल्या गवताचा जो रंग असतो, तो डोळ्यांत साठवून घ्या. तो या मोराच्या हिवाळी रंगाच्या बराच जवळ जातो. पेंढा, तपकिरी आणि अगदी थोडा मळका हिरवा, असे तीन तंतू मिसळून लावा.

मोराची जमीन सपाटही नाही. रूळ या मऊ पीटवर झाडाच्या फांद्या, गवताची ढेपं, राख, माती यांच्या थरांवर टाकले आहेत. म्हणून रुळाची कड जमिनीपासून किंचितच उंच आणि दोन्ही बाजूंना ओले चर. उंच भराव घातलात तर ते दुसरंच ठिकाण होतं.

स्टेशनाची इमारत स्विस शॅलेच्या धाटणीची, भिंतींना लाकडी कवलं आणि छपराला मोठे उतार. ती पुठ्ठ्यातून स्वतः कापलेली बरी. फलाटाच्या कडेपासून डब्याच्या पायरीपर्यंतचं अंतर, इमारत चिकटवण्याआधी, तुमच्याकडच्या सर्वांत रुंद डब्याने तपासा.

सिग्नल अगदी शेवटी लावा. आधी लावले की खडी झाडताना बाहीला अडकून मोडतात.

टप्पा ११: गाड्यांची ओळख पक्की करा

आता इंजिनांवर खर्च करा. क्रमांक, बोधचिन्ह आणि डेपोची खूण सालाला जुळवा. ब्रिटिश रेल्वेचं चाकावरच्या सिंहाचं पहिलं चिन्ह १९५६ पर्यंतचं, त्यानंतर दुसरं. निळा-करडा डबा १९६५ च्या आधी नको. १९८० च्या दशकातल्या ईस्टफिल्ड डेपोच्या इंजिनांवर छोट्या पांढऱ्या टेरियर कुत्र्याचं चित्र असायचं. ते एका इंजिनाच्या बाजूला बसलं की साल न लिहिता कळतं. पण ते त्याच डेपोच्या, त्याच काळातल्या क्रमांकावर हवं. आधी त्या क्रमांकाचा तारीख असलेला फोटो शोधा, मग ट्रान्सफर (कागदावरून सुटवून चिकटवायचं चित्र) पाण्यात भिजवा.

ट्रान्सफर चिकटवण्याआधी त्या जागी चकचकीत वॉर्निशचा पातळ हात द्या, सुकल्यावर वरून मंद वॉर्निश. मंद पृष्ठभागावर थेट चिकटवलं की खाली हवा अडकते आणि कुत्र्याभोवती चंदेरी कड दिसते.